लेकरांसह दोन दिवसांची मुंबई
पुण्याहून शनिवार-रविवारकरिता मुंबईस निघणाऱ्या दांपत्याने, कडेवर तान्हे आणि बोटाशी नुकते धावू लागलेले मूल असता, दिवसाकाठी एकच स्थळ मुक्रर करावे आणि दुपारची झोप कोणत्याही सबबीवर तहकूब करू नये, हेच आमच्या मते श्रेयस्कर होय. पाच वर्षांखालील बालकास, स्वतंत्र आसन न मागितल्यास, रेल्वेचे तिकीट लागत नाही. भायखळ्याची राणीची बाग (बुधवारी बंद) शनिवारी ऊन चढण्यापूर्वी गाठावी. बागेतील पेंग्विनांच्या काचेला नाक लावून उभे राहिलेले मूल तेथून सहसा हलत नाही, तेव्हा वडिलांनी त्याच्यापाशी थांबावे आणि आईने तान्ह्यास बाहेर वृक्षच्छायेत निवांत पाजून घ्यावे. रविवारी लोकलमार्गांवर बहुधा मेगाब्लॉक असल्याने मलबार हिलवरील बागेतल्या ‘म्हातारीच्या बुटा’कडे (बुटाच्या आकाराचे खेळघर) टॅक्सीनेच जावे.