एक भाषा, अनेक बोली : डेटाबेस-प्रणाली बदलताना

ग्रंथालयात वीस वर्षे काम केलेल्या ग्रंथपालाला कोणत्या विषयाचे पुस्तक कोठे ठेवले आहे हे आठवावे लागत नाही. त्याचे पाय आपोआप त्या कपाटाकडे वळतात. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात पदार्थविज्ञानाचा क्रमांक ५३० आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली मद्रास येथे प्रसिद्ध केलेल्या कोलन अर्थात द्विबिंदू वर्गीकरणात त्याच विषयाला ‘सी’ हे रोमन अक्षर दिलेले आहे. पहिल्या पद्धतीत मुरलेला ग्रंथपाल दुसऱ्या पद्धतीच्या ग्रंथालयात रुजू झाला, तर पुस्तके तीच असतात, वाचकांचे प्रश्नही तेच असतात. परंतु पाय मात्र भलत्याच कपाटाकडे वळू लागतात. कालपर्यंत जी सवय त्याचे भांडवल होती, तीच आज त्याची अडचण होऊन बसते.

संगणकाच्या युगात हा अनुभव ज्यांच्या वाट्याला वारंवार येतो, असा एक वर्ग म्हणजे डेटाबेस सांभाळणारे तंत्रज्ञ होत.

डेटाबेस म्हणजे संगणकावर सुव्यवस्थित रीतीने साठवलेला आणि हवा तेव्हा क्षणार्धात धुंडाळता येणारा माहितीसंग्रह. रेल्वेचे आरक्षण, बँकेतील शिल्लक, रुग्णालयातील तपासण्यांचे निष्कर्ष, विद्यार्थ्यांचे गुण, अशा असंख्य नोंदी आज डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. हा संग्रह सांभाळणारी प्रणाली मात्र एकच नाही. ओरॅकल, मायक्रोसॉफ्टची एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या त्यांतील विशेष प्रचारात असलेल्या प्रणाली होत. परवान्याचा वाढता खर्च, दोन कंपन्यांचे एकत्रीकरण, सरकारी धोरणातील बदल अशा नाना कारणांनी संस्था एक प्रणाली सोडून दुसरी स्वीकारतात. भारत सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने आपल्या सुमारे ७,५०० ओरॅकल डेटाबेसमधील ७५ पेटाबाइट माहिती स्वतःच्या अन्य प्रणालींवर हलवल्याचे २०१९ साली जाहीर केले. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट होत. माहिती हलवणे हे यंत्राचे काम; परंतु त्या माहितीचे रक्षण करणाऱ्या माणसांच्या सवयी हलवायच्या कशा, हा खरा प्रश्न आहे.

एकाच उगमाचे प्रवाह

या सर्व प्रणालींचा उगम एकच आहे. एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने कॅलिफोर्नियातील आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती यंत्रात कोठे व कशी ठेवली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये; त्याला ती केवळ आडव्या ओळी आणि उभे स्तंभ असलेल्या तक्त्यांच्या रूपात दिसावी, हा त्या निबंधातील मध्यवर्ती विचार होता. गणितातील संच व संबंध यांच्या सिद्धांतावर तो आधारलेला होता. या कार्याबद्दल कॉड यांना १९८१ साली ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एखादी भाषा हवी होती. ती आय. बी. एम. मधीलच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली मांडली. पुढे तिलाच एसक्यूएल हे नाव रूढ झाले. १९७९ साली ओरॅकल प्रणाली बाजारात आली. बर्कली येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली आरंभलेल्या पोस्टग्रेस प्रकल्पातून आजची पोस्टग्रेएसक्यूएल निर्माण झाली. एसक्यूएल सर्व्हर १९८९ साली आणि मायएसक्यूएल १९९५ साली आली. या भाषेचे प्रमाण रूप अमेरिकेच्या मानक संस्थेने ठरविले ते १९८६ साली. आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती १९८७ साली. तोवर काही प्रणाली आपापल्या वळणाने वाढल्याही होत्या, आणि मागाहून आलेल्यांनीही स्वतःची वळणे राखली. प्रमाण भाषा एक आणि बोली अनेक, अशी जी स्थिती बोलल्या जाणाऱ्या भाषांत आढळते, तीच येथेही निर्माण झाली.

शब्द तोच, अर्थ निराळा

नवी बोली शिकताना सर्वसाधारण समजूत अशी असते की, अपरिचित शब्दच अधिक त्रास देतात. वस्तुस्थिती उलट आहे. तक्त्यातील पहिल्या दहाच ओळी हव्या असतील, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टॉप’ आणि मायएसक्यूएलमध्ये ‘लिमिट’ असे लिहितात. येथे चूक झाली तर यंत्र तात्काळ आज्ञा नाकारते. तंत्रज्ञ ग्रंथ उघडून पाहतो आणि पुढे जातो. घात होतो तो ओळखीच्या शब्दांनी. मराठी माणूस हिंदी प्रदेशात गेला आणि तेथे ‘शिक्षा’ हा शब्द त्याच्या कानी पडला, तर क्षणभर तो दचकतो; कारण मराठीत जो दंड, तेच हिंदीत अध्ययन. लिपी एक, अक्षरे एक, अर्थ मात्र दोन. डेटाबेसच्या बोलींतही असे शब्द व चिन्हे पुष्कळ आहेत, आणि येथे दचकवणारे कोणी नसते. यंत्र आज्ञा मुकाट्याने पाळते व चुकीचे उत्तर देते.

पाचाला दोनाने भागण्याची आज्ञा घेऊ. ओरॅकल आणि मायएसक्यूएल अडीच हे उत्तर देतात. एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेएसक्यूएल या दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकातच करतात व दोन हे उत्तर देतात. सरासरी काढणाऱ्या एखाद्या हिशेबात हा फरक लपून राहिला, तर तो महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

दुसरे उदाहरण शाळेतील गुणपत्रकाचे आहे. परीक्षेला गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याचे गुण शून्य नसतात. ते अज्ञात असतात. अज्ञात मूल्यासाठी या भाषेत ‘नल’ ही खूण आहे. आता गुणांच्या उतरत्या क्रमाने यादी मागितली, तर एसक्यूएल सर्व्हर व मायएसक्यूएल या प्रणाली अशा विद्यार्थ्याला यादीच्या शेवटी ठेवतात. ओरॅकल व पोस्टग्रेएसक्यूएल मात्र, वेगळी सूचना दिली नसेल तर, त्याला सर्वांत वर बसवतात. आज्ञा अक्षरशः तीच. परंतु एका यादीत गैरहजर विद्यार्थी अखेरचा, तर दुसऱ्या यादीत पहिला.

रिकाम्या जागेचेही असेच आहे. एखाद्या इसमाकडे दूरध्वनी नाही, आणि त्याच्याकडे दूरध्वनी आहे की नाही हे ठाऊक नाही, या दोन निराळ्या गोष्टी होत. अन्य तिन्ही प्रणाली कोऱ्या मजकुरात व नलमध्ये भेद करतात. ओरॅकल कोऱ्या मजकुरालाही नलच मानते. तेथून आलेल्या तंत्रज्ञाला हा भेद नव्याने मनावर बिंबवावा लागतो.

स्वाक्षरी केव्हा होते?

याहून गंभीर फरक ‘कमिट’ या आज्ञेचा आहे. एखादा व्यवहार कायम करणे, जणू त्यावर स्वाक्षरी करणे, असा तिचा अर्थ. ओरॅकलमध्ये केलेला बदल ‘कमिट’ म्हणेपर्यंत कच्चा असतो. ‘रोलबॅक’ म्हटले की तो रद्द करता येतो. एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल यांच्या नेहमीच्या मांडणीत मात्र प्रत्येक आज्ञा पुरी होताक्षणी आपोआप कायम होते. व्यवहार राखून ठेवावयाचा असेल, तर तसे आरंभीच सांगावे लागते.

समजा, ओरॅकलवर पंधरा वर्षे काम केलेला तंत्रज्ञ मायएसक्यूएलवर बसला आहे. रुग्णालयाच्या नोंदींतून एका रुग्णाची दुबार नोंद काढावयाची आहे. घाईत त्याच्या हातून अट लिहावयाची राहते आणि सगळ्याच ओळी पुसल्या जातात. जुन्या प्रणालीवर हा केवळ एक दीर्घ श्वास घेण्याचा प्रसंग होता; ‘रोलबॅक’ लिहिले की संकट टळे. येथे तो शब्द यंत्र स्वीकारते, परंतु परत आणण्यासाठी काहीच उरलेले नसते. उलट दिशेने जाणाऱ्याचा अपघात निराळा. तो ओरॅकलमध्ये एक ओळ बदलतो, काम झाले असे समजून भोजनास जातो आणि स्वाक्षरी करावयास विसरतो. ती ओळ अडकून राहते, आणि तीच ओळ बदलू पाहणारे इतर सर्वजण ताटकळत बसतात.

ज्या ओळीत बदल चालू आहे ती त्याच वेळी दुसऱ्या कोणी वाचावयास मागितली तर काय व्हावे, याबाबतही मतभेद आहेत. एसक्यूएल सर्व्हर आपल्या मूळ मांडणीत वाचणाऱ्याला थांबवून धरते. २००५ च्या आवृत्तीपासून तिच्यात निराळा पर्यायही निवडता येतो. ओरॅकल त्या ओळीचे जुने रूप वेगळ्या जागी राखून ठेवते व वाचणाऱ्याला ते दाखवते. पोस्टग्रेएसक्यूएल जुनी व नवी अशी दोन्ही रूपे तक्त्यातच ठेवते आणि निरुपयोगी झालेली रूपे ‘व्हॅक्यूम’ नावाच्या झाडलोटीने मागाहून दूर करते. या झाडलोटीची हयगय झाली तर तक्ते फुगत जातात. ओरॅकलच्या जाणकाराला अशा झाडलोटीची कधी गरजच पडलेली नसते. म्हणून तिची आठवणही त्याला आपसूक होत नाही.

सवयीचे शास्त्र

अशा चुकांना निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते शास्त्राला धरून नाही. पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वैमानिकांच्या हातून झालेल्या ४६० चुकांचा अभ्यास करून १९४७ साली आपला अहवाल सादर केला. त्यांतील सुमारे निम्म्या चुका एका दांड्याऐवजी दुसराच दांडा ओढल्याच्या होत्या. याचे एक महत्त्वाचे कारण असे आढळले की, निरनिराळ्या विमानांत तेच दांडे निरनिराळ्या क्रमाने बसविलेले होते. बी-२५ विमानातील क्रम सी-४७ विमानात नव्हता. वैमानिक अडाणी नव्हते; त्यांचे हात पहिल्या विमानात उत्तम तयार झालेले होते, आणि म्हणूनच ते दुसऱ्या विमानात चुकत होते.

एका कामात कमावलेले कौशल्य दुसऱ्या कामात बाधक ठरते, त्याला मानसशास्त्रात ‘प्रतिकूल संक्रमण’ असे म्हणता येईल. दोन कामे अगदी भिन्न असतील तर ते फारसे जाणवत नाही. ती जितकी सारखी दिसतात, आणि सारख्याच खुणेला जितका निराळा प्रतिसाद द्यावा लागतो, तितकी बाधा अधिक. डेटाबेसच्या बोली नेमक्या अशा आहेत. यास्तव नवशिक्यापेक्षा अनुभवी माणसालाच येथे कित्येकदा अधिक जपावे लागते. काल ज्याला सर्वजण विचारावयास येत, त्याने आज आपल्याहून दहा वर्षांनी लहान सहकाऱ्याला विचारावे, यात मनाला थोडे लागतेच. परंतु न विचारण्याची किंमत रुग्णाच्या हरवलेल्या नोंदीने किंवा खातेदाराच्या चुकलेल्या शिलकेने मोजावी लागते.

जे बदलत नाही

तथापि अनुभवाचे सर्वच भांडवल वाया जाते असे मुळीच नाही. कॉड यांनी घालून दिलेली तक्त्यांची चौकट सर्वत्र तीच आहे. एकच माहिती दोन ठिकाणी लिहू नये, हा नियमही सर्वत्र तोच. ओळ लवकर सापडावी म्हणून केलेली सूची या चारही प्रणालींत प्रामुख्याने बी-ट्री नावाच्या एकाच जातीच्या रचनेची असते. ती रूडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी १९७० च्या सुमारास शोधून काढली. बदल प्रत्यक्ष कायम करण्यापूर्वी त्याची टिपणवहीत नोंद करावी, म्हणजे वीज गेली तरी हिशेब पुन्हा जुळवता येतो, हे तत्त्वही समान आहे. ओरॅकलमध्ये त्या वहीला ‘रिडू लॉग’ म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘ट्रान्झॅक्शन लॉग’ आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘राइट-अहेड लॉग’. ज्याने आज्ञा केवळ पाठ केल्या, त्याला प्रत्येक प्रणाली नवी वाटते. ज्याने त्यामागील कारणे जाणून घेतली, त्याला फक्त नावे व खोडी शिकावयाच्या असतात.

स्थित्यंतराची शिस्त

विमानांच्या बाबतीत उपाय योजले गेले ते वैमानिकांना दोष देऊन नव्हे, तर व्यवस्था सुधारून. उतरण्याच्या चाकांच्या दांड्याला चाकाच्या आकाराची मूठ बसविण्यात आली, म्हणजे न पाहताही हाताला फरक कळावा. डेटाबेसच्या तंत्रज्ञांनीही अशाच साध्या उपायांचा अवलंब करावा हे इष्ट. प्रत्येक प्रणालीसाठी पडद्याचा रंग वेगळा ठेवला, तर आपण कोठे बसलो आहोत याचे भान राहते. कोणत्याही प्रणालीवर व्यवहाराचा आरंभ व शेवट स्पष्टपणे लिहिण्याची सवय लावली, तर आपोआप होणाऱ्या स्वाक्षरीचा धोका टळतो. ओळी पुसण्यापूर्वी त्याच अटीने त्या नुसत्या पाहाव्या व मोजाव्या. क्रम मागताना नल कोठे ठेवावयाचे हे, जेथे तशी सोय आहे तेथे, उघड सांगावे. आपल्या जुन्या व नव्या प्रणालींतील फसवे शब्द एका वहीत उतरवून ठेवावेत.

संस्थेचीही काही कर्तव्ये आहेत. काही काळ दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी चालवून त्यांची उत्तरे ताडून पाहणे, राखीव प्रतीतून माहिती परत आणण्याची रंगीत तालीम नव्या प्रणालीवर प्रत्यक्ष करणे, आणि तंत्रज्ञाला चुकण्यासाठी निर्धोक असा सरावाचा संग्रह उपलब्ध करून देणे, या गोष्टी खर्चिक वाटल्या तरी अपघाताहून स्वस्त असतात.

रंगनाथनांच्या पद्धतीच्या ग्रंथालयात आलेला तो ग्रंथपाल काही महिन्यांनी तेथे रुळतो. त्याचे पाय आता बिनचूक कपाटाकडे वळतात. फरक एवढाच की, पुस्तक वाचकाच्या हाती देण्यापूर्वी तो त्याच्या पाठीवरील क्रमांक एकवार वाचून पाहतो. कौशल्यात पडलेली ही एका क्षणाची भर म्हणजेच त्याचे नवे शिक्षण होय.