चार मिनिटांची तालीम

गौलीगुड्यातील एका वर्गात दाखल होऊन ज्या व्यायामाचा मी हौसेने अनुभव घेतला, तो 20 सेकंद सर्वशक्तीनिशी श्रम आणि लगोलग 10 सेकंद विश्रांती अशी आठ आवर्तने उरकण्याचा शिरस्ता मूळचा जपानी स्पीड स्केटिंग चमूचे प्रशिक्षक इरिसावा कोइची यांचा असून, इझुमी तबाता यांच्या 1996 च्या शोधनिबंधामुळे तो सर्वदूर पोहोचला. सहा आठवड्यांच्या त्या प्रयोगात तरुणांची प्राणवायू ग्रहण करण्याची शक्ती व प्राणवायूविना श्रम करण्याचे सामर्थ्य, ही दोन्ही वाढली. तेथे सायकल होती. आमच्याकडे जोर-बैठका, आणि तालमीची ही जुनी दौलत पुनश्च कारणी लागावी, याचे मला विशेष समाधान वाटले. (चार मिनिटेच, परंतु किती दीर्घ!) हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या परवानगीखेरीज या फंदात पडू नये.