वीज कंपन्यांत पहिला नंबर कोणाचा?

निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तक हातात पडायच्या आधीच वर्गात एक प्रश्न फिरू लागतो, "पहिला कोण आला?" आज आपण असाच एक निकाल लावून बघू. पण तो मुलांचा नाही, वीज आणि तेलाच्या मोठमोठ्या कंपन्यांचा. विषय गणित नाही, भूगोल नाही. विषय आहे संगणकांची राखण. दूर कुठेतरी बसून दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्या चोरांना हॅकर म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहेच. या हॅकरांपासून सर्वांत सुरक्षित कंपनी कोणती?

सोपं वाटतं ना? बघा हं, किती अवघड आहे ते.

आधी परीक्षेला बसलेल्यांची ओळख करून घेऊ. मी नागपूरच्या सदर भागात राहते. आमच्याकडे 'वीज गेली' असं फारसं कोणी म्हणत नाही, 'लाईन गेली' म्हणतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, आणि अशात लाईन गेली, कूलर थांबला, की घरातली आजी आणि तान्हं बाळ दोघंही कासावीस होतात. मग कोणीतरी महावितरणला फोन लावतो. महावितरणची कार्यालये आमच्या जवळच आहेत. लिंक रोडवर प्रकाश भवन आहे, तिकडे काटोल रोडला विद्युत भवन आहे. पण महावितरण वीज तयार करत नाही, फक्त वाटते. पूर्वी सगळे काम एकच वीज मंडळ करायचे. ६ जून २००५ रोजी त्याचे भाग झाले. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती उंच मनोऱ्यांच्या तारांवरून वाहून आणते आणि महावितरण घरोघर देते. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथे महानिर्मितीची केंद्रे आहेत. मौद्याला एनटीपीसीचे २३२० मेगावॉटचे केंद्र आहे. आणि कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्य कार्यालय आहे सदरच्या शेजारी, सिव्हिल लाइन्सला.

आता गंमत ऐका. वीज ही गव्हासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणाला जितकी लागते, तितकीच त्या क्षणाला तयार व्हावी लागते. हा हिशेब रात्रंदिवस सांभाळणाऱ्या जागेला भार प्रेषण केंद्र म्हणतात. महाराष्ट्राचे मुख्य केंद्र ठाण्याजवळ कळव्याला आहे आणि एक विभागीय केंद्र आमच्या नागपुरात अंबाझरीला आहे. कुठल्या तारेतून किती वीज चालली आहे, कुठला खटका उघडा, कुठला बंद, हे तिथे पडद्यावर दिसते. दूरवरची यंत्रे पडद्यावर पाहायची आणि तिथूनच चालवायची, या व्यवस्थेला 'स्काडा' असे नाव आहे.

म्हणजे प्रत्येक कंपनीत दोन तऱ्हेचे संगणक असतात. एक, कार्यालयातले: बिले, पगार, ई-मेल. दुसरे, यंत्रे चालवणारे. पहिल्यात चोर शिरला तर कागदपत्रे जातात. दुसऱ्यात शिरला तर शहर अंधारात जाते. म्हणून या दोघांच्या मधे भिंत हवी. ही भिंत किती पक्की आहे, हा आपल्या परीक्षेतला सर्वांत जास्त गुणांचा प्रश्न!

युक्रेन देशात काय झालं पहा. २३ डिसेंबर २०१५ ची दुपार. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीत कर्मचारी पडद्यासमोर बसला होता. अचानक त्याच्या पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप हलू लागला. बाण एका खटक्यावर गेला आणि खटका उघडला. मग दुसरा, मग तिसरा. माणूस माउस धरून ओढतो आहे, पण बाण त्याचे ऐकत नाही! त्या दिवशी अशा तीन कंपन्यांवर एकदम हल्ला झाला आणि सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली, तीही कडाक्याच्या थंडीत. हल्लेखोरांनी आणखी एक दुष्टपणा केला. तक्रारीच्या फोनवर खोट्या फोनांचा इतका मारा केला, की खऱ्या ग्राहकांचा फोन लागेचना.

हे चोर आले कुठून? कित्येक महिने आधी कर्मचाऱ्यांना एक ई-मेल आली होती. सोबत साधा दिसणारा कागद जोडलेला. कोणीतरी तो उघडला, बस्स. मग चोर आत दबा धरून बसले, पासवर्ड गोळा करत राहिले, आणि हळूहळू भिंतीपलीकडे पोचले.

यात युक्रेनच्या कंपन्या नापास, असं तुम्ही म्हणाल. थांबा. एक ते सहा तासांत त्यांनी वीज परत आणली. कशी? संगणक सोडून दिले, गाड्या काढल्या, उपकेंद्रांवर गेले आणि हातांनी खटके बसवले! जुन्या पद्धतीचे खटके आणि ते चालवता येणारी माणसे त्यांच्याकडे होती, म्हणून हे जमले. आपल्या गल्लीतल्या डीपीवर चढणारा लाइनमन आठवला ना? सायबर सुरक्षेच्या प्रगतिपुस्तकात त्याचेही गुण धरायला हवेत, असे माझे ठाम मत आहे. मोठमोठे तक्ते बनवणारे लोक नेमके त्यालाच विसरतात.

सौदी अरेबियाची अरामको ही जगातली एक अवाढव्य तेल कंपनी. १५ ऑगस्ट २०१२ रोजी तिच्या सुमारे ३०,००० संगणकांतली माहिती एका व्हायरसने पुसून टाकली. कार्यालयात टाइपरायटर आणि फॅक्स बाहेर काढावे लागले. पण विहिरींतून तेल येतच राहिले. भिंत टिकली होती.

मग भिंत टिकली की झाले? तसेही नाही. अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइन नावाची कंपनी आहे. टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत सुमारे ८,८०० किलोमीटरच्या नळांतून ती पेट्रोल, डिझेल पोचवते. ७ मे २०२१ रोजी तिच्या कार्यालयातले संगणक चोरांनी कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. अशा व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात. नळ चालवणाऱ्या संगणकांपर्यंत चोर पोचल्याचे दिसले नव्हते. पण पोचले असतील तर? या भीतीने कंपनीने स्वतःच सगळे नळ बंद केले. पाच दिवस! पेट्रोल पंपांवर रांगाच रांगा लागल्या. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी दिली. त्यातला काही भाग पुढे सरकारने चोरांकडून परत मिळवला, पण नाचक्की व्हायची ती झालीच.

आणि चोर शिरले कोणत्या दाराने? कोणी वापरत नसलेले एक जुने खाते होते. ते बंद करायचे राहून गेले होते. त्याला नुसता पासवर्ड होता, मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीसारखे दुसरे कुलूप नव्हते. कंपनीच्या प्रमुखांनी संसदेपुढे सांगितले, की पासवर्ड काही सोपा नव्हता, चांगला किचकट होता. मग फुटला कसा? तोच पासवर्ड इंटरनेटवर फुटलेल्या पासवर्डांच्या ढिगात सापडला. म्हणजे कोणा कर्मचाऱ्याने तो आणखी कुठेतरी वापरला असावा. किल्ली कितीही अवघड असली तरी तीच दहा कुलपांना लावली, तर एक चोरीला गेल्यावर दहाही दारे उघडणारच की!

आता आपल्या देशात येऊ. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राविषयी २०१९ साली बातमी पसरली, की तिथल्या संगणकात व्हायरस शिरला आहे. २९ ऑक्टोबरला केंद्रातून खुलासा आला, की ही बातमी खोटी. दुसऱ्याच दिवशी अणुवीज महामंडळाने मान्य केले, की होय, कार्यालयीन कामाच्या एका संगणकात व्हायरस सापडला होता. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा वेगळी आहे, तिला काही झालेले नाही. त्यांना ही गोष्ट ४ सप्टेंबरलाच कळवण्यात आली होती.

टाटा पॉवरचे पहा. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबईच्या या कंपनीने स्वतःहून शेअर बाजाराला कळवले, की आमच्या काही संगणकांवर हल्ला झाला आहे, पण वीज पुरवणारी यंत्रणा चालू आहे. त्याच महिन्यात हाइव्ह नावाच्या टोळीने चोरलेली माहिती इंटरनेटवर टाकली. त्यात कर्मचाऱ्यांची खासगी माहिती होती, असे बातम्यांत आले. (ही टोळी २०२३ च्या जानेवारीत अमेरिकी पोलिसांनी आणि इतर देशांनी मिळून मोडून काढली.) आसामातल्या ऑइल इंडियाकडेही एप्रिल २०२२ मध्ये ७५ लाख डॉलरची खंडणी मागितली गेली होती.

सांगा आता, दोघांत जास्त गुण कोणाला? अणुभट्टीची भिंत पक्की, पण आधी नाही म्हटले. टाटा पॉवरची माहिती गेली, पण त्यांनी लगेच सांगितले. माझ्या वर्गात शाई सांडल्यावर "बाई, माझ्याकडून सांडली" असं म्हणणाऱ्या मुलाला मी दोन गुण जास्त देते. वीज कंपनीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे, कारण एकीने सांगितले की बाकीच्या सावध होतात. २०२२ पासून आपल्या देशात नियमच झाला आहे, की अशी घटना कळल्यापासून सहा तासांत सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेला कळवायचे.

कधी कधी तर हल्ला झाला की नाही, यावरच एकमत होत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. आणि ते करोनाचे दिवस होते, रुग्णालये भरलेली! पुढे १ मार्च २०२१ रोजी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर पोलिसांच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सांगितले, की यामागे घातपात असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, नाही, ती माणसांच्या हातून झालेली चूक होती. त्याच सुमारास रेकॉर्डेड फ्यूचर नावाच्या अमेरिकी कंपनीने एक अहवाल काढला. चीनशी संबंधित एका गटाने भारतातल्या दहा वीज संस्थांना लक्ष्य केले, असे त्यात होते. पण मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, असेही त्यांनीच लिहिले होते. मोठ्यांच्या बातम्यांत हे शेवटचे वाक्य बहुतेकांनी वाचलेच नाही! ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज कंपन्यांसाठी नियमावली काढली: संगणक सुरक्षेसाठी प्रत्येक कंपनीत एक जबाबदार अधिकारी हवा आणि यंत्रे चालवणारे संगणक इंटरनेटपासून दूर हवेत.

तुम्ही विचाराल, बाई, कोणी खरोखर गुण देत नाही का? देतात. काही संस्था जगभरच्या कंपन्यांना २५० ते ९०० च्या दरम्यान गुण देतात. पण त्या पाहतात बाहेरून. रस्त्याने जाताना कोणाचे फाटक उघडे, कोणाचे कुलूप गंजलेले, हे जसे दिसते ना, तसे. आतली तिजोरी कशी आहे, पहारेकरी जागा आहे की घोरतो आहे, हे रस्त्यावरून कसे दिसणार? शिवाय ज्या वाड्याला पन्नास दारे, त्याचे एखादे उघडे सापडायचेच. एका दाराच्या खोलीला आपोआप जास्त गुण. आणि जिच्यावर हल्ला झाल्याची बातमीच नाही ती कंपनी पहिली, असेही म्हणता येत नाही. जो मुलगा परीक्षेलाच बसला नाही, तो नापासही होत नाही. म्हणून मी तरी नंबर लावणार नाही. फार तर चार प्रश्न विचारीन. भिंत आहे का? जुनी खाती बंद केली का? झाले ते सांगितले का? आणि संगणक बंद पडले तर हातांनी वीज चालू करणारी माणसे आहेत का?

राहता राहिले एक दार, आणि ते कंपनीत नाही, आपल्या घरात आहे. कंपनीत शिरता आले नाही, तर चोर कंपनीचे नाव घेऊन ग्राहकाकडे येतात. २०२२ साली महाराष्ट्रात असे खूप मेसेज फिरले, आणि अजूनही येतात: "तुमचे मागचे बिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर ताबडतोब फोन करा." फोन केला की समोरचा गोड बोलून एक ॲप घ्यायला लावतो. त्या ॲपमधून आपल्या मोबाइलचा पडदा त्याला दिसतो, आणि बँकेतले पैसे जातात. आईबाबांना हे वाचून दाखवा. महावितरणचा मेसेज कोणाच्या खासगी मोबाइल नंबरवरून येत नाही; पाठवणाऱ्याच्या जागी 'एमएसईडीसीएल' अशी इंग्रजी अक्षरे असतात. शंका आली तर १९१२ वर विचारावे. पैसे गेलेच, तर एक मिनिटही न दवडता १९३० वर फोन करावा.

आमच्या पालकसभेत एका मुलीच्या आईने असाच मेसेज मला दाखवला होता. पाठवणाऱ्याचा साधा दहा आकडी मोबाइल नंबर, आणि स्वतःला 'वीज अधिकारी' म्हणवून घेतलेले. मुलगी तिसरीतली. ती शेजारून म्हणाली, "पण आई, आपलं बिल तर बाबांनी सोमवारीच भरलं ना? पावती फ्रिजवर लावली आहे."