दप्तरखान्याची झाडलोट : निर्विष साधनांचा विचार

जुनीं दप्तरें कोठें सांपडलीं व त्यांत काय निघालें हें आमचे वाचक नेहमींच आस्थेनें वाचीत आले आहेत. तीं दप्तरें ज्या घरांत नांदतात त्या घराची झाडलोट कशानें होते, हा प्रश्न मात्र गृहिणीचा समजून सोडून देण्यांत येतो. वस्तुतः कागदांचें आयुष्य त्यावर जितकें अवलंबून आहे तितकें कपाटाच्या कुलुपावरहि नाहीं. अलीकडे पुष्कळ कुटुंबें फिनाईल, डांबराच्या गोळ्या व ब्लीचिंग पावडर टाकून रिठे, लिंबू, कडुलिंब यांकडे वळूं लागलीं आहेत. हा पालट आम्हांस इष्ट वाटतो. परंतु संग्राहकाच्या घरीं तो डोळसपणें झाला पाहिजे, नाहीं तर माणसें निर्धास्त होतील आणि कागद जातील.

उदाहरणार्थ गिरगांवांतील फणसवाडी घ्या. केळेवाडी, जांभूळवाडी, फणसवाडी हीं नांवें बागाइताचीं. आज तेथें चाळी व इमारती उभ्या आहेत. चाळीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत पोथ्यांचें कपाट, देवघर, शेगडी व मुलांचीं अंथरुणें यांत फार तर चार-पांच हातांचें अंतर असतें. मोठ्या दप्तरखान्यांत औषध मारून दार लावून घेतां येतें. येथें जें कपाटांत ठेवावें तेंच रात्रभर मुलांच्या नाकांत जातें. त्यांत मुंबईची हवा. पावसाळ्यांत तिच्यांतील सापेक्ष आर्द्रता सरासरी शेंकडा ८० च्या वर असते, आणि ती शेंकडा ६५-७० च्या वर टिकून राहिली कीं कागदावर बुरशी धरूं लागते. लांकडी चाळींत वाळवीचें भय असतें तें वेगळेंच.

उग्र वास म्हणजे स्वच्छता ही समजूत या शहरांत रुजली त्यास प्लेग बराचसा कारण असावा, असें आमचें मत आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. पुढें घरोघर कार्बॉलिक आम्लाचा व चुन्याचा सपाटा सुरू झाला, आणि १८९७ त साथीच्या रोगांचा कायदा आला. कार्बॉलिक आम्ल, काळें फिनाईल व डांबराच्या गोळ्या हीं सर्व दगडी कोळशाच्या डांबराचीं लेकरें. साथ ओसरली तरी वासावरची श्रद्धा राहिली.

डांबराच्या गोळ्यांविषयीं संग्राहकांचा जो विश्वास आहे तो बहुतेक निराधार आहे. त्यांची वाफ बंद पेटींत दाटली तरच ती किड्यांस बाधते. पोथ्या वरचेवर काढून पाहणाऱ्याच्या कपाटांत ती दाटत नाहीं, खोलींत पसरते. बुरशीवर तिचा भरंवसा धरूं नये. उलटपक्षीं, रक्तांतील जी-६-पी-डी नांवाच्या द्रव्याची जन्मतः उणीव असलेल्या अर्भकांस या गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांत गुंडाळल्यामुळें तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. डी. डी. टी. ची कथा याहून मोठी. तिचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांस १९३९ त आढळला, १९४८ त त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, आणि पुढें कित्येक वर्षें ही पूड व गॅमेक्झेन संग्रहालयांतून सढळ हातानें शिंपडण्यांत आलीं. भारतांत डी. डी. टी. चा शेतींतील वापर १९८९ त बंद झाला. गॅमेक्झेन ज्यांतून निघतें त्या बी. एच. सी. वर १९९७ त बंदी आली. कपाटाच्या तळाशीं बसलेली पूड मात्र कायद्यानें उठत नाहीं.

आतां नैसर्गिक साधनांकडे वळूं. निसर्गांतलें तें निर्विष, हा भ्रम प्रथम दूर केला पाहिजे. आणि पोथ्या हाताळणाऱ्यास तो दूर करण्यासाठीं दूर जावयास नको. चुकलेलें अक्षर झांकण्यास आपले लेखक हरताळ फाशीत. तो वाक्प्रचार मराठींत अद्याप चालतो. हरताळ हें खनिज खरें, पण सोमलांत जो विषारी पदार्थ असतो त्याचाच गंधकाशीं झालेला तो संयोग आहे. तेव्हां बोट जिभेस लावून पोथी उलटण्याची ज्यांस संवय आहे त्यांनीं ती आजच सोडावी. खळींत किंवा भिंतीच्या चुन्यांत मोरचूद मिसळीत, तेंहि विषच. झुरळांसाठीं कणकेंत बोरिक पावडर मळून ठेवतात. ती टांकणखाराच्या कुळांतली असून कपाटामागें ठेवण्यास सोईची आहे, पण रांगत्या मुलाच्या हातीं लागतां कामा नये.

वेखंडाची पुरचुंडी ही आपली सर्वांत जुनी व आमच्या मतें सर्वांत उपयुक्त तोड. सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनीं ज्याची भरभराट केली त्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांत वेखंड, दालचिनी, मिरीं, लवंगा, कापूर इत्यादिकांची भुकटी फडक्यांत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याची रीत प्रसिद्ध आहे. तिचें बळ वासांत आहे. वास उडाला कीं पुरचुंडी नुसती शोभेची. म्हणून ती निदान पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर बदलावी. ती पानांस टेंकूं देऊं नये, कारण लवंगेचें व दालचिनीचें तेल कागदावर डाग पाडतें. हिंदी वेखंडाच्या तेलांत बीटा-ॲसरोन नांवाचें द्रव्य पुष्कळ असून उंदरांवरील प्रयोगांत तें कर्करोगास कारण झालें. अमेरिकेंत १९६८ त वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास मनाई झाली. कुटतांना नाकास फडकें बांधावें, म्हणजे झालें. कडुलिंबाचा पाला ठेवावयाचा तर तो सावलींत कडकडीत वाळवून. ओला पाला ठेवणें म्हणजे बुरशीस आमंत्रण. ओव्याचें फूल, ज्यास रसायनज्ञ थायमॉल म्हणतात, त्याची धुरी दप्तरखान्यांतून बुरशीसाठीं बरींच वर्षें देत. पुढें असें दिसून आलें कीं तिनें चामडी पत्रें व रोगण यांस इजा होते, आणि कागद पुन्हां दमट जागीं ठेवला तर बुरशीहि परत येते.

हें सर्व कोरड्या साधनांविषयीं झालें. घरगुती स्वच्छतेचीं बाकीचीं साधनें बहुतेक ओलीं, आणि खरा धोका तेथेंच आहे. पुष्कळ पोथ्यांच्या शेवटीं पोथीच वाचकास विनविते कीं मला तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून राख. लेखकांनीं हें उगीच लिहिलें नाहीं. काजळी व गोंद यांची शाई ओल्या फडक्यानें पसरते; लिंबू व व्हिनेगर यांतील आम्ल कागदाचे तंतू कुजवितें; खळ दिलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद ओलावला कीं कसरीस मेजवानी. यास्तव कागदास मऊ कुंचला किंवा मलमलीचा तुकडा यांपलीकडे कांहींहि लावूं नये, मग तें कितीहि सात्त्विक असो. ताम्रपटासहि हाच न्याय. देवघरांतील पळी-पंचपात्राबरोबर तो चिंचेनें घांसला जाण्याचा प्रसंग घरोघर संभवतो. ठाण्यास १७८७ त सांपडलेला शिलाहार अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट आज इतिहासास उपयोगी पडतो तो त्यावरील अक्षरांमुळें, लकाकीमुळें नव्हे. चिंचेच्या आम्लानें पृष्ठभागाचा जुना थर विरघळतो, व घांसण्यानें उथळ कोरलेल्या मात्रा-वेलांट्या झिजतात.

कपाट, फळ्या व जमीन यांसाठीं मात्र रिठ्यासारखें साधन नाहीं. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून टरफलें रात्रीं लिटरभर पाण्यांत भिजत घालावीं, सकाळीं पंधरा-वीस मिनिटें उकळून गाळावीं. हें पाणी दोन-तीन दिवसांत आंबतें, म्हणून बेतानेंच करावें. डोळ्यांत गेल्यास फार झोंबतें. दप्तरें दुसऱ्या खोलींत नेऊन, फडकें घट्ट पिळून फळ्या पुसाव्या व पुरा दिवस वारा लागल्यावांचून कागद परत ठेवूं नयेत. हें काम मार्गशीर्षांत काढावें, श्रावणांत नव्हे. खारव्याचे रुमालहि रिठ्यांतच धुवावे, पण आधीं कोपरा भिजवून रंग सुटतो कीं काय तें पाहावें. साबणाचा क्षार जुन्या रंगास सोसत नाहीं. रुमाल उन्हांत वाळवावे, कागद कदापि नव्हे. खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करून फसफस काढण्याची जी नवी चाल आहे तिचें आम्हांस कौतुक वाटत नाहीं. दोघे एकमेकांस मारतात व मळ जागच्या जागीं राहतो.

एक प्रकार मात्र खरोखर जीवावर बेतणारा आहे. जुनें संपवावें व नवें सुरू करावें अशा संधिकाळांत उरलेल्या ब्लीचिंग पावडरींत व्हिनेगर, लिंबू किंवा संडासचें आम्ल पडलें तर क्लोरीन वायु सुटतो. फणसवाडीच्या बंद मोरींत तो घुसमटविण्यास पुरेसा आहे. सबब जुन्या वस्तु अगोदर घराबाहेर जाव्या, मगच नव्या आणाव्या.

ज्यांच्याकडे वडिलार्जित रुमाल आहेत त्यांनीं ते सोडतांना घडींत पांढरी पूड दिसते काय हें पाहावें. दिसल्यास ती फुंकूं नये, झाडूं नये. नाकातोंडास आवरण व हातांस मोजे घालून रुमाल बंद करावा आणि एखाद्या जतनशाळेच्या जाणकारास दाखवावा. आपण स्वतः जें कांहीं ठेवूं, वेखंड असो कीं कडुलिंब, त्याचें नांव व ठेवल्याची तिथि एका चिठीवर लिहून ती चिठी रुमालाच्या बंदास बाहेरून बांधावी.