रक्तातला दोष आणि बातमीतला दोष

वर्तमानपत्र उघडले की महिन्यातून एकदा तरी मथळा दिसतो: ‘अमुक रोगाचे जनुक सापडले’. तो वाचून घराघरांत दोन मते पडतात. एक जण म्हणतो, “बापाला होते, म्हणजे मला होणारच.” दुसरा म्हणतो, “नशिबात असेल ते चुकत नाही.” पहिला घाबरून झोप घालवतो, दुसरा तपासणीच टाळतो. नुकसान दोघांचेही होते. म्हणून अशी बातमी कशी वाचावी, याचा आज आम्ही थोडा विचार करणार आहोत.

दुप्पट म्हणजे किती?

‘धोका दुप्पट झाला’ असे छापून येते. पण दुप्पट कशाच्या? हजारांत एकाला होणारा आजार हजारांत दोघांना होऊ लागला, तरी तो दुप्पटच. हजारांत शंभरांचे दोनशे झाले, तरीही दुप्पटच. पहिल्या बातमीने काळजी करण्याचे कारण नाही, दुसरीने आहे. मूळ आकडा न देणारी बातमी अर्धीच समजावी.

२०१३ साली अँजेलिना जोली या अमेरिकन नटीने आपल्या अंगात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे सदोष जनुक असल्याचे जाहीर केले. डॉक्टरांनी तिचा धोका शंभरांत ८७ सांगितला होता. ही बातमी जगभर गाजली. नंतर अमेरिकेत अडीच हजारांवर लोकांना विचारून पाहिले. चौघांतील तिघांना बातमी ठाऊक होती. पण तिचा धोका आणि सामान्य बाईचा धोका यांतला फरक नीट समजलेले शंभरांत दहाही निघाले नाहीत. खरे तर स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे वारशाने आलेले साधारण पाच ते दहाच असतात. बातमी पोचली, पण समज पोचली नाही.

बियाणे आणि जमीन

आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. एका चांगल्या माडाचे वीस नारळ रुजत घातले, तर वीसही रोपे आईसारखी निघत नाहीत. निघाली तरी पाणी, खत आणि किडीचा उपद्रव यांवर पुढचे पीक ठरते. माणसाच्या बहुतेक आजारांतही असेच असते. मधुमेह आणि रक्तदाब घराण्यात असले, तरी खाणेपिणे, श्रम आणि वेळेवर तपासणी यांना मोठा अर्थ आहे. काही थोडे आजार मात्र जनुकानेच पक्के होतात. बातमीतला आजार यांपैकी कोणता, हे आधी विचारावे.

एक दोष, जो कळला तर सांभाळता येतो

उदाहरण म्हणून ‘जी-६-पीडी’ची कमतरता घेऊ. हे तांबड्या रक्तपेशींचे रक्षण करणारे एक द्रव्य आहे. काहींच्या अंगात ते जन्मापासून कमी असते. जगात असे सुमारे चाळीस कोटी लोक आहेत. जेथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तेथे हा दोष अधिक आढळतो, कारण तो मलेरियापासून थोडे संरक्षणही देतो.

अशी माणसे एरवी धडधाकट असतात. पण मलेरियावरचे प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरचे डॅप्सोन अशी काही औषधे, एखादा जोराचा ताप किंवा डांबरगोळ्या यांमुळे त्यांच्या रक्तपेशी एकाएकी फुटू लागतात. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते. प्रायमाक्विनने काहींनाच असे का होते, याचा उलगडा १९५६ साली अमेरिकेत झाला.

बाकला नावाच्या परदेशी शेंगांनीही असे होते. पण बातमीत ‘शेंगा खाऊ नका’ एवढेच मोघम छापले, की आपल्या घरातले अळसांदे आणि चवळी उगाच बंद होते.

हा दोष आईकडून मुलग्यांकडे येतो. आई वाहक असेल, तर प्रत्येक मुलग्याच्या बाबतीत शक्यता निम्मी असते. बाप तो मुलग्याला देत नाही, पण त्याच्या प्रत्येक मुलीकडे तो जातो. यात आईला किंवा सुनेला बोल लावण्यासारखे काही नाही.

फिलिपीन्सने काय केले?

बोटीवर जाणाऱ्या आपल्या मुलांचे सोबती पुष्कळदा फिलिपीन्सचे असतात. त्या देशात १९९६ साली डॉ. कार्मेन्सिता पादिल्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रुग्णालयांत नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी सुरू केली. पुढे जी-६-पीडीही तिच्यात आले. २००४ साली कायदा झाला. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते: बाळंतपण करणाऱ्याने आईबापांना ही तपासणी काय आहे आणि तिचा उपयोग काय, हे प्रसूतीआधीच सांगितले पाहिजे. तेथे माहिती देणे हे औषध देण्याइतकेच कर्तव्य मानले गेले.

आपल्या गोव्यानेही २००८ साली सरकारी रुग्णालयांत नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली होती. तेव्हा पेडणे-डिचोलीच्या आईबापांनी बाळंतपणाच्या वेळी विचारावे: आमच्या बाळाच्या कोणत्या तपासण्या होणार, आणि त्यांचा कागद कधी मिळेल?

घरात काय करावे?

१. बाप्तिस्म्याचा झगा, टोपी, दुपटी डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवू नयेत. थोरल्या भावंडाचा झगा तसा ठेवलेला असेल, तर बाळाला घालण्याआधी धुऊन काही दिवस कडक उन्हात वाळवावा. वास राहिला, तर तो बाळाला घालूच नये. पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो.

२. पहिल्या दिवसांत बाळ पिवळे दिसले, तर कोवळे ऊन दाखवत घरी थांबू नये. कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे.

३. मलेरियावर डॉक्टरांनी प्रायमाक्विन दिले, तर ते स्वतःहून बंद करू नये. घरात कुणाला जी-६-पीडीचा दोष असल्यास आधी सांगावे. लघवी काळसर झाली, तर गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठावा.

४. दोष निघाल्यास टाळावयाच्या औषधांची यादी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावी. बोटीवर जाणाऱ्या मुलाने ती बरोबर न्यावी.

५. बातमी वाचताना चार प्रश्न विचारावे: पाहणी माणसांवर झाली की उंदरांवर? कोणत्या देशातील माणसांवर? शंभरांत किती जणांना आजार होतो? आणि मी आता काय करावे? चौथ्याचे उत्तर नसेल, तर कागद घडी करून ठेवावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा.

रक्तातला दोष कुणी मागून घेत नाही आणि तो लपवून कुणाचे भले होत नाही. वेळेवर कळला, तर पेटीतल्या दोन गोळ्या बाहेर टाकण्याएवढ्या साध्या कामानेही एक बाळ वाचू शकते.