ई-टाइपच्या मागच्या आसाचे दुखणे

१९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपचे मागचे डिस्क ब्रेक चाकांत नाहीत. ते डिफरन्शियलला खेटून बसवलेले आहेत. चाकांचे वजन त्यामुळे घटले, पण ब्रेकची सगळी धग डिफरन्शियलच्या ऑइल सीलांना सोसावी लागते. सील कडक होऊन चिरतात, तेल झिरपते आणि थेट डिस्कवर उतरते. मागचे ब्रेक अचानक मंदावले तर दोष ब्रेकचाच, असे धरून चालू नये.

आवाज ऐकायला शिकणे महत्त्वाचे. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना बदलणारी बारीक किणकिण क्राउन-पिनियनकडे बोट दाखवते, तर वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बेअरिंगकडे. गाडी निघताना ‘ठक्’ झाले, तर आधी युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस हलवून पाहावेत. ते काम स्वस्तातले. या गाडीत चाकापर्यंत जाणारा शाफ्टच सस्पेन्शनची वरची दांडी म्हणूनही काम करतो. त्यामुळे बाहेरच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आली की चाकही डुलते.

सील बदलायला सहसा अख्खी मागची चौकट खाली उतरवतात. एवढा खटाटोप केल्यावर फक्त सील बदलून थांबणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही: बेअरिंग, क्रॉस, ब्रेकचे होज तेव्हाच बघून घ्यावेत. बेअरिंगचा खेळ शिम घालून मोजूनमापून बसवावा लागतो, अंदाजाने नाही. डिफरन्शियल लिमिटेड-स्लिप प्रकारचे असेल तर तेलही त्याच्यासाठीचेच हवे; नाहीतर वळणावर क्लच कुरकुरतात.