चिमूटभर केमिस्ट्री

हा लेख लिहायचा मला कितपत अधिकार आहे कोण जाणे! कारण फर्स्ट इयरला, सबमिशनच्या रात्री, रूम पार्टनरने मळलेली चिमूट मी स्वतःच हात पुढे करून घेतली होती. वय वर्षे १७. "झोप उडते रे," तो म्हणाला. उडालीच, पण चक्कर आणि उचकीने! तिथेच थांबायचं ना? पण नाही. दिवाळीपर्यंत दोघंही रोज मावा खाऊ लागलो.

आता जरा केमिस्ट्री. तंबाखूला चुना का लावतात? चुना अल्कधर्मी. त्याने पीएच वाढतो, पानातलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून भराभर रक्तात शिरतं. सिगरेटच्या धुराला तर तेवढाही वेळ लागत नाही. फुफ्फुसातून काही सेकंदांत निकोटिन मेंदूत हजर!

तिथे डोपामाइन सुटतं, तरतरी येते. पण मेंदूला त्याची सवय होते. दोन-एक तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, मग चिडचिड सुरू, अभ्यासात लक्ष नाही. पुन्हा चिमूट घेतली की बरं वाटतं आणि आपण म्हणतो, "तंबाखूने टेन्शन जातं." अहो, ते टेन्शन बरंचसं तंबाखूनेच दिलेलं असतं! शिवाय मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणून आपल्या वयात हे व्यसन लवकर जडतं आणि घट्ट बसतं.

"मी नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. सुपारीने तोंडातलं अस्तर ताठर होत जातं, तोंड उघडेनासं होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. थर्ड इयरला पार्टनरला भाजीचं तिखट सोसेना. मेसमध्ये तो नुसता दहीभात खायचा. दातांच्या डॉक्टरांनी तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली. माझी गेली. त्याची दोनच गेली. वय वर्षे २०. आलेला ताठरपणा सहसा पूर्णपणे जात नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही दोघं एक शब्द न बोलता होस्टेलवर परतलो.

त्या दिवशी सोडलं. पहिले तीन-चार दिवस फार वाईट गेले. डोकं दुखायचं, कुणाशीही भांडण व्हायचं. पण तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढ्यात पाणी प्यायचं, मजल्यावर एक चक्कर मारायची. तीन-चार आठवड्यांत जोर ओसरला. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे.

कायदाही आहेच. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला बंदी आहे, कॉलेजपासून १०० यार्डांच्या आतही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण होस्टेलच्या रूममध्ये पहिली चिमूट दुकानदार देत नाही, मित्रच देतो. मीही एका ज्युनियरला दिली होती. तो अजून खातो. त्याला मी रोज "सोड" म्हणतो आणि तो हसून म्हणतो, "सर, तुम्हीच तर शिकवलं!"

तेव्हा, आज आरशासमोर तीन बोटं लावून बघा. आणि ज्युनियरला द्यायचंच असेल काही, तर जुन्या नोट्स द्या!